सेकंदाला एक अंक

पुण्याहून त्रैमासिकाच्या संपादकांचे पत्र आले तेव्हा बोरामणीकर मास्तरांचा उजवा हात आमटीभातात होता. टपालाला पत्ता ते शिवबाईच्या खानावळीचा देत. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या त्यांच्या खोलीवर दिवसभर कोणी नसे, आणि खरे सांगायचे तर दिवस मावळल्यावरही त्यांच्याखेरीज कोणी नसे. पोस्टमनने पाकीट पाटाशेजारी टाकले. मास्तरांनी ते डाव्या हाताने उचलले आणि कड दातांत धरून फाडले. एरवी पाकीट कात्रीने उघडून वरच्या कोपऱ्यात मिळाल्याची तारीख घालणारा हा माणूस. शिवबाई वाढायचा डाव हातात तसाच धरून बघत राहिली. "अवो मास्तर, घास तरी गिळा की. कागुद काय पळून जातोय व्हय?" मास्तरांनी घास गिळला. पहिल्याच ओळीत लिहिले होते, 'आपला निबंध छापण्यास योग्य वाटतो.' त्यांचे कान तापले. त्यांनी मान वर करून पाहिले. समोरच्या पंगतीत रेल्वेतले दोन कारकून ताकाला मीठ मागत होते, कोपऱ्यात एक म्हातारा वकील भाकरी कुस्करत होता. सांगावे असे कोणी नव्हते. शेवटी ते शिवबाईलाच म्हणाले, "पुण्याहून आलंय. माझा निबंध छापणार आहेत." "लई बरं झालं," शिवबाई म्हणाली, "ताक घालू?"

मग त्यांनी दुसरा परिच्छेद वाचला आणि ताक तसेच राहिले. संपादक म्हणजे कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारे कुणी प्राध्यापक होते. अक्षर बारीक आणि सरळ. 'परंतु एक खुलासा हवा. कोष्टक तीनप्रमाणे तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या मुलांचे अंकस्मरण मराठी मुलांहून १.४ अंकांनी अधिक भरते. वास्तविक तेलुगू अंकांची नावे मराठीहून लांब, म्हणजे स्मरणास जड. तेव्हा उलट अपेक्षा होती. आपणांस तेलुगू अवगत आहे काय? नसल्यास त्या मुलांपुढे अंक कोणी म्हटले व कसे म्हटले? निबंध असा असावा की तो वाचून परगावच्या एखाद्या अनोळखी माणसाला हाच प्रयोग जसाच्या तसा करता यावा.' मास्तरांनी पत्र घडी करून खिशात घातले, हात धुतले, आणि तिसऱ्या तासाला आठवीच्या वर्गात व्याजाऐवजी क्षेत्रफळ शिकवून आले. मुलांनीही त्यांना सांगितले नाही.

जसाच्या तसा. हे दोन शब्द दिवसभर त्यांच्या मागे लागले. परगावचा अनोळखी माणूस त्यांना दिसूसुद्धा लागला: माळशिरसला किंवा आणखी कुठे एखाद्या शाळेत, त्यांच्याच वयाचा, चष्मेवाला, अंगावर त्यांच्यासारखाच कोपरावर विरलेला कोट, हातात त्रैमासिकाचा अंक घेऊन बसलेला. त्याला काय काय सांगायचे? सांगायचे की एकोणीसशे बत्तीसचा जानेवारी. मार्शल लॉ उठून दीडएक वर्ष झालेले. साखर पेठेतली म्युनिसिपालटीची तेलुगू शाळा, तिची पूर्वेकडची पडवी. वासे रंगवलेल्या आढ्याला एकोणचाळीस इंची दोऱ्याने टांगलेला शिशाचा गोळा, कारण एवढ्या दोऱ्याचा लोलक बरोबर एका सेकंदात एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातो. समोर सतरंजी. सतरंजीवर एक मूल, नऊ ते अकरा वयाचे. त्याच्यासमोर अंक म्हणायचे, आधी चार, मग पाच, मग सहा, सेकंदाला एक, कुठेही जोर न देता, एका सुरात. आणि मुलाने ते त्याच क्रमाने परत म्हणायचे. जितके बिनचूक म्हणेल तितके त्याचे अंकस्मरण. एवढेच. अनोळखी माणसाला एवढे पुरे होते. पण अनोळखी माणूस चष्मा पुसून विचारी, आणि सतरंजीवर आणखी कोण बसले होते?

हेमावती गड्डम बसली होती. त्या शाळेतली शिक्षिका, तिशीची, इन्फ्लुएंझाच्या साथीत नवरा गेला तेव्हापासून आईजवळ राहणारी. मास्तरांना तेलुगू येत नव्हते, म्हणून शाळेने तिला मदतीला दिले होते. अकरा दिवस, सकाळी आठ ते साडेदहा. तिने अंक म्हणायचे, मास्तरांनी समोर बसून घड्याळ लावायचे आणि उत्तर टिपायचे. तेलुगू एक ते नऊ तेवढे त्यांनी पाठ केले होते. पहिल्या दिवशी काम संपल्यावर तिने विचारले होते, "ह्या आकड्यांचं पुढं काय करायचं?" मास्तरांनी सरासरी म्हणजे काय ते उत्साहाने समजावून सांगितले. ती ऐकून घेऊन म्हणाली, "म्हणजे शेवटी असा मुलगा निघणार, जो कुणाचाच नाही." मास्तर त्या वेळी हसले होते आणि घरी जाऊन त्या वाक्यावर बराच वेळ विचार करत बसले होते. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तिने घरून ताक आणले आणि पेला पुढे केला. मास्तर "नको, नको, खानावळीत जेवायचंच आहे" म्हणाले. पण ते म्हणण्याआधी क्षणभर थांबले, आणि तो क्षण तिने पाहिला. पुन्हा तिने कधी विचारले नाही. बोरामणीच्या घरी लहानपणी जी शिवाशिव अंगात मुरली होती तिच्याशी शास्त्राचे वाकडे होते हे मास्तरांना पटत होते; पण पटलेले घशाखाली उतरायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ समोरचे माणूस पेला धरून थांबत नाही.

मास्तरांना टिपणे करण्याचा नाद होता. नाद म्हणजे वेडच. बायको असताना ती म्हणायची, तुम्हाला ताप आला तरी आधी तुम्ही थर्मामीटर धुऊन पुसून तारीख घालाल, मग आजारी पडाल. प्रेमला तिचे नाव. तिला जाऊन नऊ वर्षे झाली होती. तिचा एक फोटो भिंतीवर होता, तिच्या हातची दोन पत्रे ट्रंकेत होती, पण मास्तरांना अलीकडे एक गोष्ट लक्षात आली होती आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती: त्यांना तिचा आवाज आठवत नव्हता. तिची वाक्ये आठवत, अगदी शब्दन् शब्द, पण ती त्यांच्या स्वतःच्याच आवाजात. थर्मामीटरचे ते वाक्यसुद्धा. एवढ्या वह्या भरणाऱ्या माणसाने आवाजाची नोंद कुठे करून ठेवायची ते शोधून काढले नव्हते, आणि शोधायचे सुचले तेव्हा उशीर झाला होता.

शुक्रवारी दुपारी शाळा सुटल्यावर त्यांनी प्रयोगाच्या दोन्ही वह्या काढल्या. खुलासा लिहायचा तर आधार हवा. मराठी मुलांची वही त्यांनी आधी उघडली. बावन्न मुले, आणि शेऱ्याचा रकाना काठोकाठ भरलेला. 'खोकला.' 'मध्येच गिरणीचा भोंगा झाला. अंक पुन्हा म्हटले.' 'मुलगा खिडकीबाहेर शेळी पाहतो.' 'नाक वाहते.' 'सकाळी काही खाल्लेले नाही असे विचारता म्हणाला.' एका मुलापुढे तर 'परीक्षकाचा आवाज बसला आहे' असेही होते. मास्तरांना स्वतःचा अभिमान वाटला. मग त्यांनी तेलुगू मुलांची वही उघडली. नाव, वय, बापाचा धंदा, हवेचे तपमान, अंक, लागलेले सेकंद, चूक-बरोबर, सगळे होते. शेऱ्याचा रकाना कोरा होता. त्यांनी पान उलटले. कोरा. आणखी एक. अठ्ठेचाळीस मुले, अकरा दिवस, आणि एकाही मुलाला खोकला आला नव्हता, एकाही सकाळी भोंगा झाला नव्हता, पडवीसमोरून एकही शेळी गेली नव्हती. साखर पेठेत! मास्तर वहीकडे बघत बसले. त्या कोऱ्या रकान्याने त्यांना जसे पकडले तसे आजवर कुणी पकडले नव्हते. तिथे बसलेला माणूस मुलांकडे बघत नव्हता, हे कुणालाही दिसले असते. मग तो काय करत होता?

त्यांनी स्वतःला सांगून पाहिले की भाषा येत नसल्याने शेरे लिहिता आले नाहीत. खोकला कुठल्या भाषेत येतो, हा प्रश्न लगेच पुढे आला. ते उठले, चहा करायला स्टोव्ह पेटवला, तो विझवला. आणि मग आपल्या निबंधातले ते वाक्य त्यांना वाचावेच लागले: 'सर्व मुलांस सूचना व अंक परीक्षकाने समान रीतीने दिले.' पहिल्या मसुद्यात तिथे 'तेलुगू मुलांस श्रीमती हेमावती गड्डम ह्यांनी' असे होते. मसुदा त्यांनी आपल्या हेडमास्तरांना दाखवला. हेडमास्तर माणूस वाईट नव्हता, त्याने फक्त चष्म्यावरून पाहिले आणि म्हणाला, "बोरामणीकर, तुम्ही विधुर, ती विधवा, आणि अकरा दिवस एका सतरंजीवर. शास्त्र राहील बाजूला आणि लोक भलतंच मोजत बसतील." मास्तरांनी घरी येऊन एक ओळ खोडली आणि तिच्या जागी 'परीक्षकाने' हा शब्द घातला. तिची अब्रू जपली, असे त्यांनी तेव्हा स्वतःला सांगितले. अब्रू कोणाची जपली हे त्यांना तेव्हाही ठाऊक होते.

तोच निबंध त्यांनी प्रयोगाच्या वर्षीच, ऑगस्टात, शहरातल्या वाचनालयात वाचून दाखवला. विणकरांच्या मुलांची स्मरणशक्ती इतरांहून सरस आहे, असे आकड्यांनी सिद्ध केलेले ऐकायला पूर्व भागातल्या विणकर वस्तीतलीही पुष्कळ माणसे आली होती. आपल्या पोरांना कुणी ढ म्हणण्याऐवजी हुशार म्हणते हे त्यांच्या कानांवर पहिल्यांदाच पडत होते. बायकांच्या बाकावर हेमावती होती. फिक्या जांभळ्या काठाचे लुगडे. मास्तर 'परीक्षकाने समान रीतीने दिले' ह्या वाक्यापाशी आले तेव्हा तिने मान वर केली. रागावली नाही, रडवेली झाली नाही; आपण चुकीच्या खोलीत आलो आहोत हे ध्यानात आलेल्या माणसासारखी ती एकदा इकडेतिकडे बघून उठली आणि टाळ्यांच्या आधी निघून गेली. मास्तरांनी निबंध शेवटपर्यंत वाचला. आवाज कुठेही हलला नाही. त्या गोष्टीला पंधरा महिने झाले होते, आणि त्यांना त्या दिवसातले दुसरे काही आठवायचे म्हटले तर तो न हललेला आवाजच आठवे. पंधरा महिन्यांत ते साखर पेठेकडे फिरकले नव्हते. बाजाराला जायचे तर वळसा घालून जात. एवढ्याशा गावात एका माणसाला टाळायला किती रस्ते पाठ करावे लागतात, ह्याचे कोष्टक त्यांनी सहज मांडले असते.

रविवारी सकाळी मात्र ते सरळ रस्त्याने निघाले. हा निबंध छापला गेला तर पुण्याला पुढच्या अभ्यासाची दारे उघडतील, असे संपादकांनी पत्राच्या शेवटी सुचवले होते. आणि मास्तर बेचाळिसाव्या वर्षी, वर्षानुवर्षे तीच गणिते शिकवून, शिवबाईच्या पाटावरून उठवणारे काहीही आले असते तरी उठले असते. एका ओळीचे काम होते. 'एका स्थानिक सहायकाने मदत केली', संपले. संपादक समाधानी, हेडमास्तर समाधानी. फक्त तिला विचारून यावे, की अंक तुम्ही मी सांगितले तसेच म्हटले होते ना. ती 'हो' म्हणेल. मास्तर चालता चालता तिच्या 'हो'ची तयारी करत होते. साखर पेठेत शिरले तसा दोन्ही बाजूंनी मागांचा खटखटाट सुरू झाला, ओल्या सुताचा आणि खळीचा आंबूस वास आला. ती वळणे त्यांच्या पायांना अजून ठाऊक होती. आणि गड्डमांच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांना तो आवाज ऐकू आला.

गल्लीत खुंट्या ठोकून ताणा लावणे चालले होते. लांबच्या लांब उभे धागे, आणि एक बाई खाली वाकून ते जोडीजोडीने बोटांत घेत मोजत होती. "ओकटि-रेंडु... मूडु-नालुगु... ऐदु-आरु..." दोन अंक एकमेकांना चिकटून, दुसऱ्यावर किंचित उंच जाणारा सूर, मग एक थांबा, तेवढाच लांब, जणू हाताला पुढचा धागा सापडेपर्यंत, मग पुन्हा दोन. मास्तर भिंतीला धरून उभे राहिले. त्यांना आधी फक्त बरे वाटले. इतके बरे वाटले, की असे का वाटते आहे हा प्रश्न पडायला वेळ लागला. मग पडला. हा सूर त्यांनी अकरा दिवस ऐकला होता. लोलक इकडून तिकडे जाई तेवढ्यात दोन अंक, लोलक परत येई तेवढा वेळ शांतता, पुन्हा दोन अंक. सहा अंकांना सहा सेकंद. आठांना आठ. घड्याळात एकदाही फरक नाही. मराठी मुलांना त्यांनी स्वतः एकेक अंक सुटा, कोरडा, खडे टाकावेत तसा टाकला होता, आणि ह्या मुलांच्या ओंजळीत तिने तेच अंक जोड्या बांधून दिले होते, आणि वर त्यांच्या आयांच्या तोंडची चाल. चार जोड्या लक्षात ठेवायच्या की आठ अंक? हे पहिलीतल्या पोरालाही कळले असते. १.४ हा विणकरांच्या मुलांचा आकडा नव्हता. मास्तरांनी पावणेदोन वर्षे जो जपून ठेवला, ज्याची संभाव्य चूक काढली, जो वाचनालयात वाचला, तो हेमावतीच्या आवाजाचा आकडा होता. त्या भिंतीपाशी त्यांना हसू आले.

मोजणारी बाई हेमावतीच होती. सुटीच्या दिवशी आईला हात देत होती. आई काशम्मा उंबऱ्यावर बसून गुंडाळी सोडत होती. तिनेच आधी पाहिले. "मास्तर आले की गं. या. हितं सावलीला बसा. ताक इचारत न्हाय, तुमी घेत न्हाय म्हणं." मास्तर बसले नाहीत. हेमावतीने हातातला पुंजका पुरा मोजला, धाग्याची खूण बांधली आणि मगच सरळ उभी राहिली. मास्तरांनी पत्र पुढे केले. तिने ते एका हाताने धरून वाचले; दुसरा हात ताण्यावरच होता.

"जसाच्या तसा," ती म्हणाली. "हौस आहे ह्यांना."

"बाई, एक विचारायचं होतं. तेव्हा अंक म्हणताना... आत्ता मोजत होता, तसेच म्हणत होता का?"

"मग कसे म्हणणार? मोजायचं म्हटलं की आमच्या तोंडाला हेच येतंय."

"मी सेकंदाला एक सांगितलं होतं."

"दोन सेकंदाला दोन झाले की. तुमच्या घड्याळात एकदा तरी चुकलं का?" मास्तरांनी मान हलवली. "पहिल्यांदा तुमच्यासारखंच एकेक म्हणून बघितलं. पहिलाच पोरगा रडकुंडीला आला. त्याला वाटलं आपण काहीतरी गुन्हा केलाय. मग जोडीनं म्हटलं. तुम्ही समोरच होता मास्तर, हाताएवढ्या अंतरावर. मला वाटलं तुम्हाला चालतंय. वहीत लिहून ठेवलं असेल."

"नाही लिहिलं."

"का?"

उत्तर होते, पण ते गल्लीत उभे राहून देण्यासारखे नव्हते. तिनेच पुढचे विचारले. "म्हणजे आमची पोरं हुशार नाहीत तर."

"तसं नाही. हुशार असतीलही. पण ते मोजलंच गेलं नाही. मी मोजलं ते वेगळंच."

"शाळेत फळ्याच्या वर लिहिलंय अजून. विणकरांच्या मुलांची स्मरणशक्ती सरस. मीच लिहिलं, खडूनं, दर सोमवारी नवं करते." ती हे शांतपणे म्हणाली. मास्तरांना वाटले तिने ओरडावे. नाव गाळल्यावरही ती दर सोमवारी त्यांचे वाक्य नवे करत होती, ह्याचे काय करायचे ते त्यांना कळेना.

"मी सगळं दुरुस्त करून लिहितो," ते घाईने म्हणाले. "तुमचं नाव घालतो. घालू ना?"

"काढताना विचारलं होतं?" आता तिचा आवाज चढला. उंबऱ्यावर काशम्माचे हात थांबले. "चांगलं निघालं तेव्हा परीक्षकानं केलं. आता वाकडं निघालं, तर हेमावतीनं केलं. पुण्याची माणसं वाचणार, सोलापूरच्या कोण एका बाईनं सगळा घोटाळा केला म्हणून."

हे मास्तरांच्या ध्यानीमनी नव्हते. आणि ते खरे होते, अगदी आकड्याइतके खरे. नाव गाळणे खोटे, आणि आता घालणे म्हणजे तिच्यावर ढकलणे. "मग नको घालू?" त्यांनी विचारले, आणि स्वतःचाच आवाज त्यांना शाळकरी वाटला. हेमावतीने पत्राची घडी त्यांच्याच घड्यांवर घातली आणि परत दिले. "घाला. पण सगळं घाला, मास्तर. काय झालं, कुणी केलं, कुणी बघितलं. अर्धं घालायचं असलं तर राहू द्या तसंच." आणि ती पुन्हा वाकली.

तो आठवडा मास्तरांनी खुलासा लिहिण्यात घालवला. सकाळी शाळेआधी लिहायचे, दुपारी मधल्या सुट्टीत खोडायचे. शिवबाईने दोनदा विचारले, "छापून आलं का?" आणि दोनदा त्यांनी "अजून नाही" म्हटले. पहिला भाग सोपा गेला. मास्तर असले लिहिण्यात तरबेज होते. 'निबंधकर्त्यास तेलुगू येत नाही. मराठी मुलांपुढे अंक निबंधकर्त्याने स्वतः, सुटे, एका सुरात म्हटले. तेलुगू मुलांपुढे ते श्रीमती हेमावती गड्डम, शिक्षिका, ह्यांनी ताणा मोजण्याच्या चालीवर, दोनदोनांच्या जोडीने म्हटले. मुले घाबरू नयेत म्हणून त्यांनी तसे केले व ते योग्यच होते. एकूण वेळ दोन्हीकडे समान असला तरी रीत समान नव्हती. सबब १.४ हा फरक मुलांच्या बुद्धीचा अथवा ज्ञातीचा धरता येत नाही. तो तसा नाहीच असेही म्हणता येत नाही. सर्व मुलांस अंक परीक्षकाने दिले, हे पहिल्या निबंधातील विधान खोटे असून निबंधकर्त्याने ते जाणूनबुजून केले आहे.' शेवटचे वाक्य लिहिताना हात थोडा अडला, पण लिहून झाल्यावर हलके वाटले. निबंधातले मुख्य फळ ह्या परिच्छेदाने गळून पडत होते. पुण्याला आता निबंधाचा सांगाडा जाणार होता, आणि सांगाड्यासाठी कुणी दारे उघडत नाही. मास्तरांना ह्याचे वाईट वाटले, पण वाटायला हवे होते तेवढे नाही.

अडले ते पुढे. 'वरील फरक अकरा दिवस, अठ्ठेचाळीस वेळा निबंधकर्त्याच्या समक्ष घडला. शेऱ्याच्या रकान्यात त्याची नोंद नाही. नोंद न होण्याचे कारण,' आणि तिथे टाक थांबला. परगावचा अनोळखी माणूस आता टेबलापलीकडे येऊन बसला होता. त्याला कारण हवे होते. 'अनवधान' असे मास्तरांनी लिहिले. अनवधान? एवढ्या अवधानाने ते आयुष्यात कशाजवळ बसले नव्हते. खोडले. 'भाषेचे अज्ञान.' खोडले. 'प्रकृती ठीक नसणे.' हे तर निव्वळ खोटे. त्या अकरा दिवसांत ते चार वाजताच जागे होत, दाढी दोनदा करत, आणि लोलकाचा दोरा लांब झाला नाही ना हे मोजायच्या निमित्ताने पावणेआठलाच पडवीत हजर असत. शेवटच्या दिवशी अठ्ठेचाळिसावे मूल झाल्यावर यादी संपली, आणि त्यांनी तिला विचारले होते, आणखी दोनचार मुले मिळतील का, म्हणजे सरासरी पक्की होईल. सरासरी पक्कीच होती. शनिवारी मधल्या सुट्टीत, बाहेर मुले आट्यापाट्या खेळत असताना, त्यांनी ते वाक्य एकदाचे पुरे केले, टिपकागद दाबला, आणि पुन्हा वाचले नाही.

रविवारी ते परत त्या गल्लीत गेले. पोस्टात टाकण्याआधी दाखवायचे होते. निदान ह्या वेळी आधी. आज ताणा वेगळ्या रंगाचा होता, गडद तांबडा. काशम्मा आत चुलीपाशी होती. हेमावती एकटीच मोजत होती आणि ह्या वेळी पुंजका पुरा होण्याआधीच तिने हात पुसून कागद घेतला. तिने तो उन्हाकडे तिरपा धरला. वाचता वाचता तिचे ओठ हलत होते. मास्तर त्या ओठांवरून ती कुठल्या ओळीवर आहे ते ओळखत होते. आपल्या नावापाशी ती थांबली. 'ते योग्यच होते' इथे थांबली. 'जाणूनबुजून' इथे तिने एकदा त्यांच्याकडे पाहिले आणि परत खाली पाहिले. मग ती शेवटच्या वाक्यावर आली. त्यात लिहिले होते, 'नोंद न होण्याचे कारण, निबंधकर्त्यास केवळ ऐकत राहावेसे वाटले.'

शेजारच्या घरात माग थांबला आणि पुन्हा सुरू झाला. मास्तरांच्या मनात आले की कागद हातातून ओढून घ्यावा, ते वाक्य इथेच फाडून टाकावे. तसा हात त्यांनी उचललाही होता.

"हे छापतील ते?" तिने वर न बघता विचारले.

"नाही," मास्तर म्हणाले. "बाकीचं छापतील कदाचित. एवढं वाक्य गाळतील."

तिने कागदाची घडी घालून त्यांच्या हातात दिली. "मग असू द्या," ती म्हणाली, आणि ताण्याकडे वळली. मोजणी तिला पहिल्यापासून घ्यावी लागली.